मायाप्पानं उचललेला भंडारा

मायाप्पाचं सगळं चांगलं चाललं होतं, आणि त्यापायीच त्याची झोप उडाली होती.

चांगलं म्हणजे किती चांगलं, ते ऐका. चैत्रात त्याच्या तीन मेंढ्यांना जुळी झाली आणि सहाच्या सहा कोकरं जगली. पोरगा कुमार चिंचोळी एमआयडीसीत चार वर्षं हंगामी म्हणून राबत होता, त्याला साहेबानं बोलावून कायम केलं. वळवाच्या गारा पडल्या, त्या ओढ्याच्या पलीकडं पडल्या. एवढंच काय, दहा वर्षं ठणकणारा डावा गुडघासुद्धा एके दिवशी गप झाला. दुसरा कोणी असता तर त्यानं देवापुढं नारळ फोडला असता. मायाप्पा मात्र रोज संध्याकाळी बाजेवर बसून गुडघा दाबून बघायचा, आणि दुखत नाही म्हटल्यावर आणखी जोरानं दाबायचा.

"गुडगा दुखंना म्हून तोंड पाडून बसनारा मानूस म्या पैल्यांदाच बगतीया," केराबाई, त्याची बायको, म्हणायची.

तिला हसायला काय जातंय? भंडारा उचलला होता मायाप्पानं, तिनं नव्हे.

झालं होतं असं. सिद्धनवाडी सोलापूरच्या दक्षिणेला, जिथं मराठी बोलता बोलता माणूस कधी कानडीत शिरतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. वाडी धनगरांची. मायाप्पाची बासष्ट मेंढरं आणि ओढ्यापलीकडच्या गुंडाची चाळीस. दोघं एकाच माळावर लहानाचे म्हातारे झालेले. शिवरात्र झाली की दोघांनी मिळून लोकर कातरायची, हा जुना शिरस्ता. तू माझी धर, मी तुझी धरतो.

आता मेंढरं ओळखायची कशी, तर पाठीवरच्या लोकरीवर रंग ओढून. मायाप्पाचा तांबडा, गुंडाचा निळा. कानाला चीर देऊन खूण करणारे पुष्कळ आहेत, पण कोकराचा कान कापायचा म्हटलं की ह्या दोघांनाही धीर व्हायचा नाही. चांगली गोष्ट आहे. पण लोकर कातरली की रंगही लोकरीबरोबर पोत्यात जातो, आणि शंभर मेंढरं एकजात बोडकी होऊन माणसाकडं बघत उभी राहतात, ही अडचण त्या दोघांना चाळीस वर्षांत कधी आली नव्हती. यंदा आली.

दुसऱ्या दिवशी गुंडाला एक मेंढी कमी भरली. काळी, कपाळावर पांढरा टिळा. ती मायाप्पाच्या वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, उभी. "ही माजी," गुंडा म्हणाला. मायाप्पाचीही अशीच एक काळी होती, टिळ्यासकट. त्यानं आपली मेंढरं मोजून दाखवली. मोजायची कानडीत, कारण मराठीत मोजलं की मेंढरं कमी भरतात असा त्याचा अनुभव. ओंदु, एरडु, मूरु करत तो अरवत्तेरडु म्हणजे बासष्टावर येऊन थांबला. एक जास्त नाही, एक कमी नाही. मग गुंडाची मेंढी ह्यांच्यात आली कुठून?

शब्दाला शब्द वाढला आणि प्रकरण रविवारी बिरोबाच्या माळावर गेलं. तिथली रीत सोपी आहे. ज्याच्यावर आळ आहे त्यानं देवापुढचा भंडारा, म्हणजे हळद, मुठीत उचलायची, आपलं म्हणणं मोठ्यानं सांगायचं आणि हळद कपाळाला लावायची. खोटं असेल तर पुढचं बिरोबा बघून घेईल. त्यानंतर माणसांनी त्यात तोंड घालायचं नाही. मायाप्पानं पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा भंडारा उचलला. "मेंडी माजी हाय," तो म्हणाला. गुंडानं मान हलवली आणि तो घरी गेला. वाद मिटला.

तीन आठवड्यांनी केराबाईचा भाऊ मोटरसायकलवरून आला. मागं गोणपाटात बांधलेली एक काळी मेंढी. कपाळावर पांढरा टिळा.

"ही कुटली?" मायाप्पा म्हणाला.

"आपलीच की," केराबाई म्हणाली. "पायात काटा मोडून पू झाला व्हता. कातरनीच्या आदल्या दिशी दादाकडं औशिदाला धाडली. तुमाला इचारलं की."

"कवा?"

"तुमी जेवत व्हता. हूं म्हनला."

तेहतीस वर्षांच्या संसारात मायाप्पा किती वेळा हूं म्हणाला असेल त्याची गणती नाही. नवरे म्हणतातच. पण त्याचं एक हूं थेट देवाच्या दारात जाऊन पोचलं.

"मग म्या भंडारा उचलला तवा तुजी जीब कुटं गेल्ती?"

"मला काय ठावं तुमी आकड्यावर शपत घेतली? मला वाटलं तोंड वळकून घेतली आसंल."

आता त्याच दिवशी मेंढी गुंडाकडं नेऊन सोडली असती तर ही गोष्ट सांगायला मी बसलोच नसतो. पण मायाप्पाचा पाय घरातनं निघेना. वाडीत कुणाचा बांध सरकला, कुणाचं बोकड कुणाच्या मक्यात शिरलं, की लोक मायाप्पाकडं यायचे. तो म्हणेल ते खरं. शिकलेला नाही, पैसेवाला नाही, त्याच्याजवळ ह्या एका गोष्टीशिवाय दुसरं काही नव्हतं. असा माणूस भंडारा खोटा उचलतो म्हटल्यावर उद्या त्याच्या दारात कुत्रं आलं नसतं.

मग त्यानं मनातल्या मनात बिरोबाशी तोड काढली. देवा, चूक झाली. तू एखादं कोकरू ने. फार तर दोन ने. फिटंफाट. पण आपल्यातली गोष्ट आपल्यात राहू दे.

आणि देवानं काय केलं? जुळी दिली! पोराला कायम केलं! गुडघा बरा केला! जसजसं चांगलं होत गेलं तसतसा मायाप्पा वाळत चालला. देव एवढं देतोय म्हणजे नक्की काहीतरी मोठं न्यायचं बघतोय. आणि घरात मोठं म्हणावं असं होतं एकच, कुमारची पाच वर्षांची लेक. तिचं नाव आराध्या. आजोबाच्या जिभेला ते वळायचं नाही म्हणून आरी. ती शिंकली तरी मायाप्पा उठून बसायचा.

अशात मे महिन्यात एके सकाळी वैजयंती मॅडम आल्या. सोलापुरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. अंगावर खादीचा कुर्ता, हातात टॅबलेट, पाठीवर सॅक. पाप केलं की शिक्षा होते आणि पुण्य केलं की बक्षीस मिळतं, हे माणसाच्या मनात जन्मतःच असतं की कोणी शिकवल्यामुळं येतं, ह्यावर त्यांची पीएचडी चालली होती. मूळ प्रश्नावली परदेशातली. त्यात ऑफिसात सापडलेलं पाकीट होतं. त्यांचे सर म्हणाले, धनगरांना पाकिटाचं काय कौतुक, तिथं मेंढी घाला. त्यांनी घातली. चित्रंसुद्धा काढून आणली.

मायाप्पाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो बाजेवर बसला, केराबाईनं चहा आणला, आणि मॅडमनी पहिलं चित्र त्याच्यापुढं धरलं.

"मामा, एक माणूस होता. त्यानं दुसऱ्याची मेंढी आपल्या कळपात ठेवून घेतली."

मायाप्पानं हातातली बशी खाली ठेवली. चित्रातली मेंढी काळी होती.

"तुमाला कुनी धाडलं?"

"विद्यापीठानं."

"गुंडानं न्हाय?"

"कोण गुंडा?"

मायाप्पानं केराबाईकडं बघितलं. केराबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती, पण मॅडमना वाटलं, बाई लाजल्या.

"तर एका आठवड्यानं त्या माणसाचा पाय मोडला," मॅडम पुढं म्हणाल्या. "तुमच्या मते का मोडला? देवानं शिक्षा केली, योगायोगानं मोडला, की सांगता येत नाही?"

"कुटला पाय?"

"अं?"

"डावा का उजवा?"

मॅडमनी चित्र फिरवून बघितलं. "ते दिलेलं नाही, मामा."

"आन् एकाच आटवड्यात मोडला म्हंता?"

"हो."

"नशीबवान मानूस," मायाप्पा म्हणाला, आणि ते तो अगदी काळजापासून म्हणाला.

मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. असल्या उत्तराला टॅबलेटमध्ये चौकोन नव्हता. मग त्यांनी विचारलं, वाईट केलं की वाईट होतं हे तुम्हाला कोणी शिकवलं? आईवडिलांनी, देवळात कीर्तनकारांनी, की आपसूकच तसं वाटतं?

ह्या प्रश्नावर मात्र मायाप्पा खुलला. गेले कित्येक दिवस त्याला हे कुणाशी तरी बोलायचंच होतं, आणि इतक्या लांबून डिझेल जाळून कोणी विचारायला येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"शिकवायला कशाला लागतंय, मॅडम? जित्या जिवाला ते आतनंच आसतंय. हे बगा आमचं कुत्रं. भाकर चोरली की कुनी बगू न्हाय तर न बगू, शेपूट घालून कोपऱ्यात जाऊन बसतंय. आता त्याला कुनी शिकिवलं सांगा?"

"म्या," केराबाई चुलीपासनं म्हणाली. "फुकनीनं."

मॅडम इतक्या हसल्या की चहा सांडला. मायाप्पा हसला नाही. फुकणी! म्हणजे त्याचीही भीती कोणीतरी कधीतरी फुकणीनंच आत घातली असेल? त्याला आपली आई आठवली. खोटं बोललास तर बिरोबा तोंडात किडे घालील, असं म्हणायची. तेव्हा तो आरीएवढाच होता आणि चार दिवस त्यानं आरशात जीभ बघितली होती. मग वाटलं, असेल फुकणीची. फुकणीची भीती खोटी असते असं थोडंच आहे?

"लहान मुलांचंही बघायचंय मला," मॅडम म्हणाल्या. "ज्यांना अजून कोणी काही फार शिकवलेलं नाही."

आरी कोकरांच्या जाळीत बसून त्यांच्या शेपट्या मोजत होती. तिला बोलावलं. तिच्यापुढं तेच चित्र ठेवलं. तोच माणूस, तीच काळी मेंढी, तोच पाय. मायाप्पाचा जीव कानात येऊन बसला. लेकरू काय म्हणतंय ते ऐकायचंही होतं आणि नकोही होतं.

"का बरं मोडला असेल त्याचा पाय?" मॅडमनी विचारलं.

"पडला आसंल."

"त्यानं दुसऱ्याची मेंढी घेतली होती ना? म्हणून मोडला का?"

आरीनं मॅडमकडं असं बघितलं, जसं मोठी माणसं खुळ्याकडं बघतात. "मेंडी घेतल्याव पाय कशाला मोडतोय?"

"बरं. मग आता त्या माणसानं काय करायला पाहिजे?"

"दवाखान्यात जायाला पायजे."

"आणि मेंढीचं?"

"मेंडी दिऊन टाकायची की. तिची आई तिकडं आसंल. सांच्याला वरडत आसंल ती." आणि मग तिनं सहज जोडलं, "आपली टिळावाली वरडती तसं. रोज. ओड्याकडं बगून."

मॅडमनी 'सांगता येत नाही' ह्या चौकोनावर खूण केली, कारण पोरीचं उत्तर कुठंच बसेना. जाताना त्या म्हणाल्या, मामा, तुमची नात हुशार आहे. मायाप्पानं हूं म्हटलं.

मेंढी ओरडत होती हे खरं होतं. दोन महिने ती रोज संध्याकाळी त्याच्या डोळ्यांदेखत ओढ्याकडं तोंड करून ओरडत होती, आणि दोन महिने हा माणूस आपला गुडघा दाबत बसला होता. देव काय करतोय, कधी करतोय, कुणाला करतोय, ह्या सगळ्या विचारात मेंढी दुसऱ्याची आहे हा साधा विचार त्याच्या डोक्यातनं पार निसटला होता. आपलीच त्याला इतकी लाज वाटली की चहाचा कप तसाच ठेवून तो उठला.

त्यानं दोन टिळावाल्यांतल्या त्या ओरडणारीच्या गळ्यात दोरी अडकवली.

"कुटं निगाला?" केराबाईनं विचारलं.

"गुंडाकडं."

तिला वाटलं असतं तर ती अडवू शकली असती. त्यानं दाराशी जरा वेळ काढलाही, तिनं अडवावं म्हणून. ती म्हणाली, "च्या पिऊन जावा. तितं मिळंल आसं काय वाटत न्हाय."

ओढा ओलांडून गुंडाच्या वस्तीवर येईस्तोवर ऊन चढलं होतं. वाटेत गारांनी झोडपलेली गुंडाची केळी आडवी पडलेली दिसली. विहिरीवरची मोटर काढून ठेवलेली, जळाल्याचा काळा डाग. गुंडा गोठ्याच्या सावलीत दोरखंड वळत बसला होता. मायाप्पाला बघून तो घाईनं उठला, आणि हात जोडले. मायाप्पा बोलायला तोंड उघडणार तो गुंडाच बोलायला लागला.

"बरं झालं आलास. म्याच येनार व्हतो, पन तोंड व्हईना. चुकलं माजं, मायाप्पा. तुज्यासारक्यावर म्या आळ घेतला."

"आरं, ऐक. ही मेंडी—"

"तुजीच हाय की ती! देवानं निकाल दिलाय न्हवं का. मोटार जळली. केळी गेली. म्हस आटली. आन् तुज्याकडं बग, जुळी झाली, कुमार कायम झाला. आता याच्यापरीस आनिक काय दाकवायचं देवानं?"

दोन महिने तो ज्या शिक्षेची वाट बघत होता ती ओढ्याच्या ह्या काठाला येऊन पडली होती, आणि गुंडानं ती अंगणात मांडून पूजेला लावली होती.

"गुंडा, मेंडी तुजी हाय. माजी येगळी व्हती, ती केरानं धाडली व्हती. मला म्हाईत नव्हतं."

"माजं मन ऱ्हावं म्हून बोलतूस तू. सोबाव हाय तुजा." गुंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्या न्हाय घ्यायचा ती. आजून काय जाईल माजं."

मायाप्पानं दोरी सोडून दिली. मेंढी दोघांच्या मधनं सरळ वाड्यात गेली, दगडी डोणीत तोंड घालून पाणी प्याली, आणि एका म्हाताऱ्या काळ्या मेंढीच्या पोटाला अंग घासून उभी राहिली. गुंडा बघत राहिला. तरी म्हणाला, "मेंडरूच ते. कुटंबी जातंय."

तेवढ्यात मथुराबाई, गुंडाची बायको, विहिरीवरनं घागर घेऊन आली. वाट सगळी खडकाळ, आणि ऊन असं की दगडावर भाकरी भाजावी. तिच्या पायांत काही नव्हतं. ती एक पाय टाकायची आणि दुसरा टाकायच्या आधी जरा थांबायची.

"वैनी, वहाना कुटं गेल्या?" मायाप्पानं विचारलं.

"घालत न्हाय ती," गुंडाच म्हणाला. "मोटार जळल्यापासनं. बिरोबाला बोललीया. आमच्या मालकानं खऱ्या मानसावर आळ घेतला, त्येचं समदं माज्या पायांनी फेडून घे, म्हनली. घरादारावर जाऊ दिऊ नगं."

मथुराबाईनं घागर उतरवली आणि ओट्यावर बसून पाय पोटाशी घेतले. तळवे मायाप्पाला दिसले. त्यानं जन्मभर मेंढरांच्या खुरांतले काटे काढले होते, सडलेले खूर साफ केले होते, पण असं काही त्याला बघवलं नाही. त्याला रडू आलं. वाडीचा न्याय करणारा माणूस गुंडाच्या अंगणात उभा राहून पोरासारखा रडला.

"वैनी, गुंडाचं खरं व्हतं. म्या खोटा भंडारा उचलला. उचलला तवा मला ठावं नव्हतं. पन माजी मेंडी परत आली, तवा कळलं. दोन म्हैनं म्या गप बसलो."

गुंडानं खाली पडलेला दोरखंड उचलून गुंडाळायला घेतला. मग मथुराबाई म्हणाली, "कळल्यालं दोन म्हैनं झालं?"

"व्हय."

"आन् तुमी गप."

"व्हय. लोक काय म्हंत्याल म्हून."

"मग भावजी," ती हळूच म्हणाली, "माजं पाय कुनाच्या पापानं भाजलं?"

सकाळपासनं मायाप्पाला बाराएक प्रश्न विचारून झाले होते आणि त्यानं सगळ्यांना काही ना काही उत्तर दिलं होतं. ह्याला तीन उत्तरं छापलेली नव्हती. देवाचं नाव पुढं करायला त्याची जीभ उचलेना.

"देवानं न्हाय भाजलं, वैनी. म्या भाजलं."

"हे हितं नगं," मथुराबाई म्हणाली, आणि तिचा आवाज आता चढला. "हितं आमी तिघंच हाव. रयवारी माळावर यायचं, समद्यांम्होरं आसंच बोलायचं. कुमारच्या बापानं खोटा उचलला, आसं. दोन म्हैनं गप बसलो, हेबी. एक शबुद गाळायचा न्हाय."

"न्हाय गाळनार."

"मला म्हनत्यात, आवदसा. नवऱ्याला भरीस घातलं, खऱ्या मानसावर आळ घेतला. भैनीनं बोलनं टाकलंय माज्याशी. तिलाबी आना तितं."

"आनतो, वैनी. म्या सवता जाऊन आनतो."

गुंडा घरात गेला. आत पत्र्याचा डबा सरकवल्याचा आवाज झाला. त्यानं बायकोच्या चपला बाहेर आणल्या, धोतराच्या सोग्यानं त्यांच्यावरची धूळ पुसली आणि तिच्यापुढं ठेवल्या.

मथुराबाईनं उजवा पाय आत सरकवला. अर्धा गेला आणि अडला. तळव्याची कातडी फुगून जाड झाली होती, भेगांनी कडा रुंदावल्या होत्या. तिनं दात आवळून पुन्हा एकदा रेटा दिला, मग पाय बाहेर काढला.

"बसंना," ती गुंडाला म्हणाली.

गुंडा खाली बसला आणि चपलेचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून सैल करायला लागला. मायाप्पा तिथंच उन्हात उभा होता. त्याला कोणी बस म्हणालं नाही.